दत्तक घेणे इतके अवघड का?

परवा रात्री साडेनऊची वेळ. शेवटचा पेशंट तपासून मी दवाखान्याचे शटर अर्धे ओढले होते, तेवढ्यात एक जोडपे धावतपळत आले. दोघेही माझ्या जुन्या ओळखीचे. तो एसटीत वाहक, ती घरी शिलाई मशीन चालवते. मला वाटले, कुणाच्या तरी छातीत दुखत असणार. पण त्याने मोबाईल काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "डॉक्टर, हे वाचा. आमच्याकडं उद्या संध्याकाळपर्यंतच वेळ आहे."

मोबाईलवर एका मुलीचा फोटो होता आणि खाली तिचा वैद्यकीय तपासणी अहवाल. वय अकरा महिने. जन्म दिवस भरण्याआधी सात आठवडे. जन्मवजन एक किलो सातशे ग्रॅम, आताचे सहा किलो आठशे. हिमोग्लोबिन साडेनऊ. आणि शेवटी हृदयाच्या सोनोग्राफीची एक ओळ : वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात चार मिलिमीटरचे छिद्र. त्या एका ओळीने दोघांचे चेहरे उतरले होते. बाई काही बोलत नव्हती, फोटोकडे बघत होती.

हा फोटो यायला जवळजवळ चार वर्षे लागली होती, आणि निर्णयाला मिळाले होते अठ्ठेचाळीस तास. दत्तकाच्या सरकारी पद्धतीत मुलाची माहिती आली की तेवढ्या वेळात मूल राखून ठेवायचे की नाही हे कळवावे लागते. मूल राखून ठेवले, की पुढे संस्थेत जाऊन ते प्रत्यक्ष बघायला आणि होकार द्यायला तीस दिवस मिळतात. अहवाल आपल्या डॉक्टरला दाखवून घेण्याची मुभा नियमातच आहे. बहुतेकांना ती माहीत नसते. या दोघांना माहीत होती, कारण ती मीच सांगितली होती.

त्यांना मी काय सांगितले ते शेवटी सांगतो. गेल्या काही वर्षांत 'मूल दत्तक घ्यायचंय, काय करावं लागतं?' असे विचारणारे महिन्याला एकदोघे तरी येतातच. बहुतेकांची समजूत अशी, की देशात अनाथ मुले लाखांनी पडली आहेत, आपण आश्रमात जायचे, आवडेल ते मूल उचलायचे, देणगी द्यायची, झाले. त्यांना 'तीनचार वर्षे थांबावे लागेल' म्हटले, की ते माझ्याकडे संशयाने बघतात. डॉक्टरला काहीतरी कमिशन हवे असेल, अशी ती नजर असते.

तेव्हा आधी आकडे बघू. २०१० - ११ या वर्षी देशात देशांतर्गत ५,६९३ दत्तक विधाने झाली होती. २०२१ - २२ मध्ये तो आकडा २,९९१ वर आला. नंतर पुन्हा चढला. २०२४ - २५ मध्ये परदेशी गेलेली मुले धरून साडेचार हजारांवर दत्तके झाली. महाराष्ट्र यात बहुतेक वेळा पहिल्या क्रमांकावर असतो, ही समाधानाची गोष्ट. आता दुसरी बाजू. मूल मिळावे म्हणून नाव नोंदवून बसलेले आईबाप २०१७ साली अठरा हजारांच्या घरात होते. २०२१ च्या डिसेंबरात ते २७,९३९ झाले, आणि २०२५ च्या मध्याला छत्तीस हजारांच्या वर गेले. त्या वेळी दत्तक देण्यासाठी कायदेशीररीत्या मोकळी असलेली मुले किती? साधारण अडीच हजार. त्यातही मोठी संख्या आठदहा वर्षांच्या मुलांची किंवा काही आजार, काही अपंगत्व असलेल्यांची. नाव नोंदवणाऱ्या बहुतेकांना मात्र दोन वर्षांच्या आतले निरोगी बाळ हवे असते. मग रांग लांबणार नाही तर काय?

"मग डॉक्टर, आश्रमात दिसतात ती मुलं कुणाची?" हा प्रश्न बरोबर आहे आणि खरी मेख तिथेच आहे. आश्रमात असणे आणि दत्तकासाठी मोकळे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संसदेच्या एका स्थायी समितीने २०२२ साली हाच हिशेब मांडला होता. दत्तकयोग्य वाटणारी ६,९९६ मुले संस्थांत होती, पण बालकल्याण समित्यांनी कायदेशीररीत्या मुक्त म्हणून जाहीर केलेली फक्त २,४३० ! बाकीची मुले कागदात अडकलेली. कुणाचा बाप तुरुंगात, कुणाची आई परागंदा, कुणाचा मामा वर्षातून एकदा येऊन बिस्किटचा पुडा देऊन जातो. नातेवाईक आहे म्हणून मूल अनाथ नाही, आणि नातेवाईक घरी नेत नाही म्हणून मुलाला घर नाही. अशी मुले संस्थेतच दोनाची चार, चाराची आठ वर्षांची होतात. आणि आठ वर्षांच्या मुलाला मग कुणी मागत नाही.

तुम्ही हे वर्तमानपत्र वाचता तेव्हा आतल्या पानावर कधीतरी एक लहानशी जाहिरात असते. तान्ह्या बाळाचा धूसर फोटो, अमुक तारखेला अमुक ठिकाणी सापडले, पालकांनी संपर्क साधावा. आपण ती जाहिरात ओलांडून पुढे जातो. पण त्या बाळासाठी तीच कायद्याची पहिली पायरी असते. सापडलेले मूल दोन वर्षांच्या आतले असेल तर बालकल्याण समितीने दोन महिन्यांत, मोठे असेल तर चार महिन्यांत चौकशी पुरी करून ते मुक्त झाल्याचे जाहीर करावे, असे २०१५ च्या बालन्याय कायद्यात लिहिले आहे. आईने स्वतः सोपवलेल्या मुलाच्या बाबतीत तिला फेरविचाराला साठ दिवस मिळतात. हे दिवस मला कधीच जास्त वाटले नाहीत. पंचावन्नाव्या दिवशी मूल परत न्यायला आलेली आई असू शकते. माझी तक्रार वेगळी आहे. समितीची बैठक झाली नाही, पोलिसांचा शोध - अहवाल आला नाही, एक सही राहिली, अशा कारणांनी जे दोन महिन्यांचे आठ महिने होतात, त्याला कुणी जाब विचारत नाही. बाळाच्या मेंदूची निम्म्याहून अधिक वाढ पहिल्या दोन वर्षांत होते. त्यातले सहा महिने म्हणजे फाईलवरची धूळ नव्हे. संस्थेतल्या मावशी कितीही मायाळू असल्या, तरी एका मावशीच्या वाट्याला अनेक पाळणे येतात.

कायदा बदलला नाही असे नाही. उलट सतत बदलतो आहे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकांना शिस्त लावली. २०१५ पासून सगळी नोंदणी 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाच्या संगणकीय रांगेत गेली. त्याआधी संस्थेच्या दारात जाऊन ओळख काढणे, वजन टाकणे चालत असे. आता वाहकाचा क्रम आणि आमदाराचा क्रम सारखाच, हे मला पटते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कुठल्याही धर्माच्या माणसाला बालन्याय कायद्याखाली दत्तक घेता येईल असा निकाल दिला, तोवर मुसलमान, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांना कित्येक वर्षे फक्त पालकत्वावर समाधान मानावे लागत होते. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवला आणि १ सप्टेंबर २०२२ पासून ते लागू झाले. हेतू वेग वाढवण्याचा होता. पण चालू प्रकरणे कोर्टानेच संपवायची की कलेक्टर कचेरीत पाठवायची, यावरून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला आणि मूल घरात रांगते आहे पण आदेश हातात नाही, अशी घरे तयार झाली. मूल शाळेत घालायचे तर जन्मदाखला कुणाच्या नावाचा?

एक गंमत, खरे तर गंमत नव्हे. २०१७ साली प्रसूती रजेच्या कायद्यात दुरुस्ती करून दत्तक आईला बारा आठवड्यांची रजा दिली गेली. अट अशी घातली, की बाळ तीन महिन्यांच्या आतले हवे. आता हिशेब करा. मुक्त व्हायलाच दोन महिने, मग माहिती पाठवणे, अठ्ठेचाळीस तास, भेट, होकार. तीन महिन्यांच्या आत बाळ कुणाच्या घरी पोचणार? अट घालणाऱ्याने आपल्याच दुसऱ्या कायद्याचे पान उलटून बघितले नव्हते.

ही दिरंगाई अंगाशी कशी येते, त्याची एक आठवण सांगतो. २०२३ सालच्या पावसाळ्यातली. हेच जोडपे. नोंदणी होऊन दीड वर्ष झाले होते, रांगेतला क्रमांक मुंगीच्या पावलाने सरकत होता. एका संध्याकाळी तो एकटाच आला. दार लावून घेतले. म्हणाला, "एक माणूस भेटलाय. दुसऱ्या जिल्ह्यात एका दवाखान्यात एक पोरगी बाळंतीण व्हायचीय, लग्न झालेलं नाही. बाळ थेट आपल्या हातात. जन्माचा दाखलाच आमच्या नावानं निघतोय म्हणे. साडेचार लाख मागतोय. घराच्या जागेवर कर्ज काढतो. तुम्ही फक्त हिला तपासत होता एवढं एक कागदावर लिहून द्या."

मी नाही म्हणालो. सांगितले, की हा दत्तक नव्हे, हा खरेदी - विक्रीचा गुन्हा आहे. मूल विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे, दवाखान्याचा माणूस त्यात असेल तर त्याला तीन ते सात वर्षे. उद्या तोच दलाल पुन्हा पैसे मागायला येईल आणि तुम्ही कुणाकडे तक्रार करणार? आणि पोलीस आले तर मूल आधी तुमच्या मांडीवरून उचलतील, तेव्हा ते तुम्हाला आई - बाबा म्हणत असेल. त्याने सगळे ऐकून घेतले. म्हणाला, "तुमचं बरोबर आहे डॉक्टर. तुम्हाला दोन पोरं आहेत." आणि गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे बरोबर होते यात शंका नव्हती. पण रांग पुढे सरकलीच नसती तर? वय उलटून गेले असते तर? पुढचे आठ महिने ते कुटुंब माझ्याकडे आले नाही. सर्दीखोकल्यालाही दुसऱ्या दवाखान्यात जात. दसऱ्याला सोने द्यायला मात्र त्याची आई आली, काही बोलली नाही.

माझ्याच व्यवसायातल्या लोकांना दोन शब्द सांगायचे तर ते इथेच. असे बाजार दलालावर चालत नाहीत. ते चालतात आपल्या लेटरपॅडवर. गरोदर नसलेल्या बाईची गरोदरपणाची नोंद, बाळंत न झालेल्या बाईचा प्रसूतीचा दाखला, हे कुणीतरी शिकलेला माणूसच लिहितो. 'बिचाऱ्यांचं भलं केलं' अशी मनाची समजूत घालून लिहितो, आणि पाकीटही घेतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या मे महिन्यात, 'आईबाप गेलेली दोन बाळे आहेत, दत्तक घ्या' असे निरोप मोबाईलवर फिरत होते. सुशिक्षित माणसे ते पुढे ढकलत होती. तेव्हाही 'कारा'ला इशारा द्यावा लागला, की असे मूल देता - घेता येत नाही.

आणि जी मुलगी त्या दवाखान्यात बाळंत होणार होती, तिचे काय? तिला कुणी सांगितले असेल का, की लपूनछपून काही करण्याची गरजच नाही? आपल्याकडे बाळ उकिरड्यावर, एसटी स्टँडच्या बाकाखाली, ओढ्याच्या काठावर सापडते, तेव्हा गावभर आईच्या नावाने बोटे मोडली जातात. पण त्या आईला पर्याय माहीतच नव्हता, हे आपण लक्षात घेत नाही. मूल सांभाळणे शक्य नसेल तर ते बालकल्याण समितीपुढे सोपवता येते. लग्न न झालेल्या मुलीला ते एकटीच्या सहीने करता येते, विवाहित असेल तर नवरा - बायको दोघांची सही लागते. नाव गुप्त राहते. समुपदेशन होते. परिस्थितीने लाचार होऊन मूल सोपवणाऱ्या आईला कायदा गुन्हेगार मानत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फुकट लागतो. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर मात्र डॉक्टरला पोलिसांना कळवावेच लागते, हेही स्पष्ट सांगायला हवे, कारण तिथे तिच्यावर अत्याचार झालेला असतो. आशाताई, अंगणवाडीताई, सिस्टर, सुईणबाई यांच्यापैकी एकीने जरी हे वेळेवर कानात सांगितले, तरी एक बाळ कुत्र्यांच्या तोंडून वाचेल आणि रांगेतल्या एका घराला मूल मिळेल.

हे काही नवे नाही. आपल्याच जिल्ह्यात पंढरपुरास १८७५ साली लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशाने अशा टाकून दिलेल्या बाळांसाठी बालकाश्रम काढला. तोच आजचा नवरंगे बालकाश्रम. त्याआधी १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव - सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंबरोबर रोग्यांची सेवा करीत होता. बाई त्याच साथीत गेल्या. सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळ, शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे यशवंत. दोघेही दत्तक गेले म्हणून बडोद्याला आणि कोल्हापूरला असे राजे मिळाले. एवढे असून आजही "कुणाचं रक्त असेल कुणास ठाऊक" हे वाक्य शिकलेल्या घरांत ऐकू येते. मी रोज रक्त तपासायला पाठवतो. त्यात जात, खानदान आणि संस्कार यांचा रकाना अजून तरी आलेला नाही.

पूर्वी दत्तक म्हणजे भावाचा मुलगा, वारस म्हणून, पिंड द्यायला. तो दत्तक आजही १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने होतो. दत्तहोम केलाच पाहिजे असे त्यात नाही, देणे - घेणे झाले पाहिजे, आणि दत्तकपत्र नोंदवून घ्यावे हे बरे. पण आता वारा बदलला आहे. सरकारी रांगेत दत्तक गेलेल्यांत दरवर्षी मुलगेच कमी, मुलीच जास्त असतात. त्याचा एक अर्थ असा, की सोडून दिल्या जातात त्याही मुलीच जास्त. पण दुसरा अर्थही आहे. माझ्याकडे येणारी निम्म्याहून जास्त जोडपी आपणहून 'मुलगी हवी' म्हणतात.

आता वंध्यत्वाविषयी, कारण तो माझ्या खुर्चीचा विषय. लोक दत्तकाचा विचार सगळ्यात शेवटी करतात. आधी अंगारे - धुपारे, मग बायकोच्या तपासण्या, पुन्हा बायकोच्याच तपासण्या. नवऱ्याच्या वीर्याची एक साधी, स्वस्त तपासणी सांगितली तर सासूबाईंना राग येतो, आणि दोष नवऱ्यातही जवळजवळ तितक्याच वेळा निघतो. मग टेस्ट ट्यूब बेबीचे एक चक्र, दुसरे, तिसरे. शेत विकले जाते, बाई हार्मोनच्या सुयांनी सुजून जाते, आणि चाळिशी ओलांडल्यावर कुणीतरी म्हणते, दत्तक घेऊ. तेव्हा नियमाचे गणित आडवे येते. २०२२ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांच्या आतले मूल हवे असेल तर नवरा - बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर नको. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११०. एकट्या बाईला किंवा पुरुषाला अनुक्रमे ४०, ४५, ५० आणि ५५. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. लग्नाला दोन वर्षे झालेली हवीत, आणि पालक - मुलाच्या वयात किमान पंचवीस वर्षांचे अंतर हवे.

म्हणून मी आता उपचार सुरू होतानाच सांगतो, मनात दत्तक असेल तर नाव आजच नोंदवा. काहींना हे अपशकुनासारखे वाटते. वाटू दे. उपचाराला यश आले तर नाव काढता येते, पण वय मागे नेता येत नाही. मात्र घरात अजून भांडण असेल, बाई रडत 'हो' म्हणत असेल, सासऱ्याला सांगितलेच नसेल, तर नोंदवू नका. समाजसेविका गृहभेटीला येते ती पंखे आणि सोफे मोजायला येत नाही. भाड्याच्या दोन खोल्यांतल्या माणसालाही मूल मिळते. ती बघते ते हेच, की या घराला मूल खरोखर हवे आहे का, आणि कुणाला नको आहे. कागद तीस दिवसांत चढवायचे असतात, त्यात डॉक्टरचा दाखलाही असतो. गोळ्या चालू असलेला साधा रक्तदाब किंवा आटोक्यातला मधुमेह लपवू नका. त्याने मूल नाकारले गेल्याचे मी पाहिलेले नाही. खर्च सरकारने ठरवून दिलेला असतो, पावती मिळते. त्यापेक्षा एक रुपया जास्त कुणी मागितला तर समजून जा.

मुलाच्या अहवालातल्या शब्दांना लोक भितात, त्याबद्दलही लिहायला हवे. 'एचआयव्ही प्रतिद्रव्ये आढळली' असे लहान बाळाच्या कागदावर दिसले, की फोन ठेवून देतात. ती प्रतिद्रव्ये आईकडून आलेली असू शकतात आणि अठरा महिन्यांपर्यंत रक्तात राहू शकतात. बाळाला खरोखर संसर्ग आहे की नाही हे पीसीआर तपासणीने कळते. दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने जुळतो. वाकडे पाऊल वेळेत प्लास्टर घालत गेले तर सरळ होते. अशी मुले कधीकधी विशेष गरजांच्या यादीत जातात आणि तिथेच राहतात, कारण यादीचे नावच लोकांना घाबरवते. सगळेच बरे होते असे मी म्हणणार नाही. मतिमंदत्व, मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाला घरी न्यायला वेगळी तयारी लागते, आणि ती नाही असे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस वाईट नसतो. मोठ्या मुलांसाठी प्रतिपालकत्वाची वाट आहे. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा मुलाला दोन वर्षे सांभाळल्यावर दत्तकाचा विचार होऊ शकतो. आपल्याकडे तिकडे फारसे कुणी वळत नाही.

आणि एक. मुलाला सांगा. माझ्याकडे एक चोवीस वर्षांचा तरुण येतो. गेल्या वर्षी त्याची साखर वाढलेली निघाली. मी सवयीने विचारले, घरात कुणाला मधुमेह? तो मोठ्या खात्रीने म्हणाला, "आजोबांना होता ना, इन्सुलिन घ्यायचे." शेजारी बसलेले त्याचे वडील खाली बघू लागले. त्यांना माहीत होते, मला माहीत होते, गल्लीतल्या अर्ध्या लोकांना माहीत होते. त्यालाच तेवढे माहीत नव्हते. मी कागदावर 'आजोबा' असे लिहिले. खोटी नोंद लिहिल्याची ती माझी एकच वेळ, आणि ती अजून तशीच आहे. तीनचार वर्षांच्या वयात गोष्टीसारखे सांगितले तर मूल सहज ऐकते. चोविसाव्या वर्षी सांगायला फार मोठे काळीज लागते.

आता त्या रात्रीकडे येतो. मी दोघांना बसवले आणि कागदाच्या मागच्या बाजूला आकडे मांडून दाखवले. मुलगी सात आठवडे आधी जन्मली, म्हणून तिचे वय वाढीच्या हिशेबाला साडेनऊ महिनेच धरायचे. त्या वयाला सहा किलो आठशे हे खालच्या रेषेजवळ आहे, पण रेषेच्या आत आहे. डोक्याचा घेर व्यवस्थित. बसते, वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेते, आवाजाकडे मान वळवते, असे लिहिले आहे. ते वजनापेक्षा महत्त्वाचे. हिमोग्लोबिन लोहाच्या थेंबांनी वाढेल. छिद्र वरच्या कप्प्यात आणि चार मिलिमीटरचे. अशी बरीच छिद्रे आपोआप बुजतात. नाही बुजले तर तीनचार वर्षांची झाल्यावर पुन्हा बघू, तेव्हाही उपाय आहे. मी हृदयरोगतज्ज्ञ नाही, म्हणून त्याच वेळी सोलापूरच्या एका बालहृदयतज्ज्ञ मित्राला अहवाल पाठवला. पावणेअकराला त्याचा फोन आला. तोही तेच म्हणाला.

"पण घ्या असं तुम्ही म्हणताय का?" त्याने विचारले. ते मी म्हणणार नव्हतो. मी म्हणालो, "तुम्हाला पोटची मुलगी झाली असती आणि डॉक्टरनं हेच सांगितलं असतं, तर काय केलं असतं?" तो गप्प राहिला. बाईने मात्र मोबाईल त्याच्या हातातून घेतला आणि बटण कुठे दाबायचे ते त्याला विचारले.

काल दोघे पुन्हा आले होते. संस्था तीन जिल्हे पलीकडे आहे, बुधवारी भेटीला बोलावले आहे. सगळे जुळले तर आठदहा दिवसांत मुलगी घरी येईल. एसटीने आणायची, सात तासांचा प्रवास. बाईच्या हातात वही होती, त्यात प्रश्न लिहून आणले होते. बाटली चालेल का? मी म्हणालो, बाटली नको, वाटी - चमचा न्या. पाणी उकळून थर्मासमध्ये न्या. तिथे ती जे खाते तेच पहिले पंधरा दिवस द्या, नाचणीची खीर वगैरे नंतर. तिथल्या मावशींकडून तिची झोपायची दुपटी मागून आणा, धुऊ नका, तिला वासाची ओळख असते. लसीकरणाचे कार्ड विसरू नका, गोवराची पहिली लस झाली आहे की नाही ते बघायचे आहे. आणि जाताना तिला मांडीवर खिडकीकडच्या बाजूला घेऊ नका, वारा लागतो.

"मधल्या सीटवर बसू," तो म्हणाला. "त्या गाडीचा वाहक माझा दोस्तच आहे."